हिरवी पट्टी

सोनमला सकाळपासून खुर्चीत बसवत नव्हतं. एकदा उठून पाणी पिऊन आली, एकदा उगाच गॅलरीत जाऊन खालची रहदारी बघून आली, आणि दर वेळी परत येऊन त्याच प्रश्नापुढं बसली. प्रश्न जेमतेम चार ओळींचा. विचारणारी बाई तिकडं विजापुरात. पण बाईनं जणू खुर्चीत खिळाच ठोकून ठेवला होता.

बारामतीत एका औषधाच्या दुकानावर सुयोगचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. शेतातली पाण्याची मोटार फोनवरून चालू-बंद करायचं अॅप तिथं तयार होई. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत सिमकार्डवालं एक यंत्र बसवलं, की शेतकऱ्यानं घरी ओट्यावर बसून बटण दाबावं आणि तिकडं विहिरीवर पाणी सुटावं. मराठीत अॅप बरं चाललं होतं. आता कर्नाटकातल्या एका मोठ्या विक्रेत्यानं ते कन्नडमध्ये मागितलं होतं, आणि ते भाषांतर सुवर्णाताई नावाच्या बाई करत होत्या. त्यांचं माहेर सोलापूरचं, त्यामुळं मराठी चोख.

आता भाषांतर करणाऱ्यापुढं अॅप नसतं, नुसते सुटे शब्द असतात. ‘काढा’, ‘ठेवा’, ‘झालं’, ‘पुढं’. सुटा शब्द म्हणजे लग्नात शिरलेला अनोळखी पाहुणा. वराकडचा की वधूकडचा, कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक शब्दाशेजारी टीप लिहायची. हे बटण आहे की नुसता मजकूर, कुठल्या पडद्यावर आहे, दाबलं तर काय होतं, जागा किती आहे. हे काम सोनमचं. तिनं त्यात एक रकाना स्वतःच्या डोक्यानं वाढवला होता: वाचणारा माणूस त्या वेळी कुठं असतो आणि काय करत असतो. त्या रकान्याचा तिला भारी अभिमान. ऑफिसात शेतात वाढलेली माणसं दोनच, एक ती आणि एक लोणी भापकरचा शंभूराज. बाकीच्यांनी विहीर बघितली असेल ती सहलीला गेल्यावर. त्यामुळं हा रकाना आपल्याशिवाय कुणाला भरता यायचा नाही, असं ती मनात म्हणायची, आणि सुयोग “पाठ्यपुस्तक लिहितेस का गं?” म्हणून चिडवायचा तेही तिला आवडायचं.

प्रश्न नेमका त्याच रकान्यावर आला होता.

अॅप उघडलं की वरच्या कडेला एक हिरवी पट्टी येई, ‘ऑटो चालू’ अशी. ऑटो म्हणजे पेटीतली अशी सोय, की वीज आली रे आली की मोटार आपली आपण सुरू होते, मग तिथं माणूस असो वा नसो. सोनमनं टीप लिहिली होती: “बटण नाही, फक्त माहिती. नेहमीची स्थिती. काळजीचं कारण नाही. वाचणारा घरी निवांत असतो.”

सुवर्णाताईंनी खाली लिहिलं होतं: “टिपेप्रमाणे मी ‘सर्व ठीक’ अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. पण ऑटो चालू असताना कुणी विहिरीत उतरलं आणि तेवढ्यात वीज आली, तर? वाचणारा नेहमी घरीच असतो का? खात्री करून सांगाल का?”

सोनमला आधी रागच आला. कळस गावात, शेतावर जन्म गेला आपला, आणि ही बाई आपल्याला मोटार शिकवते! “आमच्याकडं ऑटो कुणीच काढत नाही, त्यामुळं ही नेहमीचीच स्थिती आहे,” असं तिनं टाइप केलं. मग ते वाक्य तिनं पुन्हा वाचलं. वाक्य खरं होतं, अगदी शंभर टक्के खरं होतं. तरी ते पाठवायला बोट धजेना. तिनं ते पुसलं आणि शंभूराजच्या टेबलापाशी गेली.

“शंभू, तुमच्याकडं ऑटो कधी काढता रे?”

“ऑटो?” शंभूराज हसला. “काढायला बसवतंय व्हय कुणी? नवी पेटी आली की आधी ऑटो बसवायचा, मग नारळ फोडायचा.”

“आणि विहिरीत उतरायचं असलं तर?”

“लाइट नसताना उतरायचं. ह्या आठवड्याला रात्रीची लाइट हाय, म्हंजी दिवसा खुशाल उतरा.”

तिच्या घरीही हेच. शेताला वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. लहानपणापासून घरात सगळी कामं त्याच हिशोबानं ठरायची. पाणी कधी धरायचं, पाहुण्याकडं कधी जायचं, विहिरीतला गाळ कधी काढायचा. पेटीकडं कुणी बघत नसे, सगळे आठवड्याकडं बघत. ऑटो तर इतका अंगवळणी पडलेला, की तो चालू आहे हे कुणाच्या ध्यानातही नसे.

“आज मात्र आमच्याकडं उलटंच झालंय,” शंभूराज खाली बघत बोलला. “लाइनीचं काय काम निघालंय म्हणं. रात्रीऐवजी दुपारीच सोडणार हायत. सकाळी गावच्या ग्रुपवर मेसेज आला.”

लोणी भापकर कुठं आणि कळस कुठं. एक बारामती तालुक्यात, एक इंदापूर तालुक्यात. लोणीची लाइट बदलली म्हणून कळसची बदलायला हवी असं काही नव्हतं. हे सगळं सोनमला कळत होतं, आणि तरी तिनं तिथंच उभ्यानं घरी फोन लावला.

“आई, दादा कुठाय?”

“विहिरीवर गेलाय की.” द्वारकाबाईंचा आवाज नेहमीसारखा मोकळा. “मोटार कलंडलीय म्हणं आत. गेणूला संगं घेऊन गेलाय, दोराला बांधून सरळ करतो म्हणला. का गं?”

“ऑटो काढलाय का त्यानं?”

“त्यो कशापायी काढंल? रात्रीची लाइट हाय ह्या आठवड्याला.”

“फ्यूज तरी काढलाय का?”

“मला काय म्हाईत बाय. आगं, दिवसा कुठली लाइट? तू काय सपान बिपान बघितलंस का?”

“वहिनीला पाठव ना विहिरीवर. आत्ता.”

“ती भवानीनगरला गेलीया पोरीला घेऊन, दवाखान्यात. तुझं आप्पा इंदापूरला. मी जाती की हळूहळू, पर माझं गुडघं तुला ठावं हायत. तवर दादाच येतोय जेवायला.”

दादाचा फोन वाजत राहिला. वाजणारच, उतरताना माणूस सदरा काढून काठावर ठेवतो आणि फोन सदऱ्यात असतो. शेतावर कामाला असलेल्या म्हाताऱ्या गेणूतात्याकडं फोनच नव्हता. आयुष्यभर ठेवला नाही आणि त्याची फुशारकीही मारायचा.

ऑफिसच्या चाचणीसाठी कळसची मोटार सोनमच्या फोनला जोडलेली होती. तिनं अॅप उघडलं. वर हिरवी पट्टी. ऑटो चालू. नेहमीची स्थिती, काळजीचं कारण नाही. तिला त्या पट्टीचा आणि स्वतःचाही संताप आला. तिनं ‘ऑटो काढा’ दाबलं. ‘निरोप पाठवला’ असं आलं आणि शेजारी एक चकती फिरायला लागली. विहिरीपाशी रेंज येई-जाई. निरोप कधी लगेच पोचे, कधी तासभर हवेतच लटके आणि मग सगळे गठ्ठ्यानं येत. चकती फिरतच राहिली.

सोनमनं स्कूटरची किल्ली उचलली.

“अगं कुठं?” सुयोग केबिनमधून ओरडला. “संध्याकाळपर्यंत टिपा पाठवायच्यात!”

“खात्री करायला चाललेय,” म्हणून ती जिना उतरलीसुद्धा.

बारामतीतून बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. पुढं मात्र उसाच्या गाड्या. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, आणि भवानीनगरपर्यंतचा रस्ता म्हणजे ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागं बैलगाड्या, आणि त्यांच्यामागं हॉर्न वाजवून वाजवून थकलेली माणसं. एरवी सोनम या रस्त्यानं गाणी म्हणत जायची. आज तिला वाटत होतं, एकेका ट्रॉलीखालून स्कूटर घालून पलीकडं निघावं. दादा काही मूर्ख नाही, त्याला कळतं, असं ती स्वतःला सांगे. आणि लगेच आठवे, की कळत होतं तर मलाही होतं, आणि मी काय लिहून बसले. दादा तरी वेगळा काय करणार? एकाच घरात वाढलो आम्ही.

भवानीनगरच्या वळणावर सगळंच थांबलं. एका ट्रॉलीचा दोर सुटून उसाच्या मोळ्या रस्त्यावर आल्या होत्या. मळीचा आंबूस वास, धूळ, लोकांची आरडाओरड. सोनमनं फोन काढला. चकती गेली होती. तिच्या निरोपाचं काही झालेलं नव्हतं. त्याच्याऐवजी पडद्यावर दुसरंच आलं होतं.

‘वीज आली. मोटार चालू.’

वरची पट्टी तशीच हिरवीगार.

हे आत्ताचं होतं की अर्ध्या तासापूर्वीचं, तेही कळायला मार्ग नव्हता. तिनं ‘बंद करा’ दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिली. दादाला फोन लावला, तो वाजत राहिला. मोटार पाण्यात बुडालेली, आणि तिच्या केबलला पाण्याखालीच एक जोड होता. जुनी केबल तुटली तेव्हा दादानंच चिकटपट्टी गुंडाळून दिला होता, आणि “कंपनीचा बी असा न्हाय” म्हणाला होता. सोनमला तो जोड आत्ता डोळ्यांपुढं स्वच्छ दिसायला लागला. तिनं स्कूटर मोळ्यांवरून घातली. कुणीतरी “ए बाई!” म्हणून ओरडलं. ती रडत होती हे तिला कळसच्या फाट्यावर वारं लागलं तेव्हा कळलं.

विहिरीजवळ पोचली तर तिचा दादा, रणजित, चिंचेखाली बसला होता. ओल्या चड्डीवर, अंगाभोवती टॉवेल घेऊन. शेजारी गेणूतात्या.

सोनमनं स्कूटर उभी केली नाही, सोडूनच दिली. धावत जाऊन तिनं भावाच्या पाठीत एक जोराचा गुद्दा घातला आणि मग त्याच पाठीला धरून उभी राहिली. पाठ गार होती आणि आतून हलत होती.

“आगं, काय झालं काय?” रणजित हसायला गेला. हसू काही जमलं नाही.

“लाइट आली होती ना?”

“आली हुती. मी वर हुतो तवा.”

“वर कसा होतास?”

त्यानं गेणूकडं बघितलं. गेणूतात्या नखानं माती उकरत म्हणाला, “म्या हाक मारली ताई. म्हणलं तंबाखू मळलीया, ये, खाऊन जा. त्यो काठावर आला, चिमूट तोंडात टाकली, आन् मोटार घुर्र करून सुटली. आमी म्हणलं, हे दिवसा कसं काय? खाली बघतोय तर...”

सोनम काठावर जाऊन वाकली. पाणी संथ होतं. आता मोटार बंद होती. रणजितनं फ्यूज काढून हातातच धरला होता, अजून सोडला नव्हता. पाण्यावर मासे तरंगत होते. गेल्या पावसाळ्यात सोडलेली पिल्लं आता वीतभर झाली होती. एकूण एक उताणे, पांढरी पोटं वर करून.

तंबाखूच्या नावानं बोटं मोडणाऱ्या सोनमला गेणूतात्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं असतं, तर म्हातारा आयुष्यभर गावाला सांगत सुटला असता, म्हणून फक्त त्याचा हात धरला.

“आईला सांगू नगंस,” रणजित म्हणाला. “आन् तुझ्या वहिनीला तर अजिबात न्हाय. जोड खराब झाला हुता, पाण्यात करंट उतरला, एवढंच. मी नवा मारतो. काय झालं न्हाय ना? मग झालं तर.”

तिथंच काठावर बसून सोनमनं सुवर्णाताईंना लिहिलं: “खात्री केली. वाचणारा घरी नसतो, कधीकधी पाण्यात असतो. ‘सर्व ठीक’ काढून टाका. ही धोक्याची सूचना आहे, तशीच लिहा. चूक माझी होती.” मग सुयोगला फोन करून सांगितलं, पट्टी लाल करायची. सुयोग म्हणाला, लाल केली तर प्रत्येक शेतकरी रोज फोन करून विचारेल, काय बिघडलं म्हणून. सोनम म्हणाली, “विचारू देत.” आणि फोन ठेवला.

एवढं केल्यावर जीव थाऱ्यावर यायला हवा होता. पण कुठला येतोय. गेणूतात्यानं बादलीनं मासे गोळा केले, अन्न फुकट कशाला घालवायचं म्हणून. रणजितनं ऑटो काढून वायरीचा नवा जोड मारला, मोटार बांधली, फ्यूज बसवला. आणि मग, सोनम बघत असताना, पेटीत हात घालून ऑटो पुन्हा चालू केला.

“दादा!”

“आता आत कोण हाय?” तो वैतागून म्हणाला. “रात्री लाइट आली तर दोन मैल अंधारात कोण येणार मोटार टाकायला, तू? ऊस वाळतोय. पुन्यांदा उतरायचं झालं तर काढीन की.”

“आज का नाही काढलास?”

“आज रात्रीची लाइट हुती.”

पालथ्या घड्यावर पाणी. सोनम घरी आली, जेवली नाही, ओसरीत येरझाऱ्या घालत राहिली. द्वारकाबाई म्हणाल्या, “बस की एका जागी. पायाला भिंगरी बांधलीया का?”

दिवेलागणीला राजलक्ष्मी भवानीनगरहून आली. रणजितची बायको, बोलणं मोजकं, काम झपाट्याचं. पोरीला झोपवून ती परसात विळी घेऊन माशांपुढं बसली. एक मासा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“आत्याबाई, जाळं कुणाचं आणलं हुतं?”

“जाळं कुठलं,” आतून द्वारकाबाई म्हणाल्या. “गेणूनं बादलीनंच आणलं. लई गावलं म्हणं आज.”

विळी थांबली. राजलक्ष्मीनं मासा पाटीत टाकला. ओसरीकडं बघून हळूच म्हणाली, “वन्सं, जरा हिकडं या.”

सोनम जाऊन तिच्याशेजारी उकिडवी बसली.

“कामाच्या दिवशी कशा काय आलाय?”

“सहजच.”

“तुमच्या त्या फोनात विहिरीवरचं समदं दिसतं म्हणं. दावा मला.”

सोनमनं अॅप उघडून पुढं धरलं. राजलक्ष्मीनं खवल्यांचे हात पाठीमागं घेतले आणि मान पुढं करून बघितलं.

“हे हिरवं काय हाय?”

“ऑटो चालू हाय असं दाखवतंय.”

“हिरवं म्हंजी बरं चाललंय, असंच ना?”

दिवसभरात कुणी एवढ्या साध्या आवाजात तिला काही विचारलं नव्हतं.

“दुपारी तुमचं दादा मोटार सरळ कराया आत उतरलं हुतं,” राजलक्ष्मी म्हणाली, “तवा बी हे हिरवंच हुतं?”

“व्हय वहिनी.”

“आन् लाइट आली तवा?”

“तवा बी.”

राजलक्ष्मीनं पडद्यावरून मान वर केली. “असं कुणी करून ठेवलंय?”

रंग सुयोगनं ठरवला होता, पट्टी दुसऱ्याच कुणी काढली होती. सांगायला माणसं पुष्कळ होती.

“मी,” सोनम म्हणाली. “मीच लिव्हलंय त्यात, काळजीचं कारण न्हाय म्हणून.”

वहिनी शिव्या देईल असं तिला वाटलं. द्याव्यात असंही वाटलं. राजलक्ष्मीनं नुसती मान हलवली. उठली, हात धुतले आणि माजघरात जाऊन टीव्हीपुढं बसलेल्या नवऱ्यासमोर उभी राहिली.

“उठा.”

“का गं?”

“विहिरीवर चला. ऑटो काढायचाय.”

रणजितनं बहिणीकडं रागानं बघितलं. “सांगितलंस ना?”

“त्यांनी काय सांगितलं न्हाय,” राजलक्ष्मी म्हणाली. “उठा तुमी.”

“आगं, रात्रीचं पाणी...”

“लाइट आली की वन्संचा फोन वाजतो. माझ्या फोनात बी तसंच करून घेती. वाजला की मी उठीन, तुमाला उठवीन. तुमी न्हाय उठला तर मी एकटी जाईन, बॅटरी घिऊन. पर ते हिरवं माझ्या घरात नगं. आन् ते मासं मी शिजवणार न्हाय.”

चुलीपुढून द्वारकाबाई उठून दारात आल्या. सुनेचा एवढा आवाज त्यांनी या घरात कधी ऐकला नव्हता. त्यांनी सुनेकडं बघितलं, मग लेकीकडं, मग परसातल्या पाटीकडं.

“रणजित,” त्या म्हणाल्या, “मासं कशानं मेलं रं?”

रणजितनं टीव्ही बंद केला आणि खाली मान घालून तो चपला शोधायला लागला.